चौथा हात

नानाजी गावंडे तसा साधा कास्तकार. राळेगावपासून तीन कोसांवर सावंगीत त्याचं बारा एकर कोरडवाहू वावर, एक बैलजोडी आणि दोन खणांचं मातीचं घर. पण गावात त्याला कोणी कास्तकार म्हणत नसे, म्हणत ‘पक्षवाला’. कष्टकरी दल नावाचा एक पक्ष तेव्हा जिल्ह्यात होता. फार मोठा नव्हे, पण जिथं होता तिथं मूळ धरून होता. नानाजी त्याचा तालुका चिटणीस. कापूस वेचायचा राहिला तरी चालेल, पण बैठक चुकवायची नाही, असा त्याचा खाक्या. बायको शकुबाई म्हणायची, "लगन लागलं माह्यासंगं, पन नांदून राह्यले पक्षासंगं."

त्याला या नादी लावलं खेमसिंग आडे यानं. खेमसिंग बंजारा, टेकडीच्या अंगाला असलेल्या बोरतांड्याच्या नाईकाचा मुलगा. त्याचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर हिंडायचे. आगगाडी आली, मोटारी आल्या आणि लदणीचा धंदा बसला. मग ती माणसं जंगलाच्या कडेला तांडे करून राहिली, झुडपं तोडून जमीन कसायला लागली. जमिनीत घाम त्यांचा, पण कागदावर ती जंगलाची. आज ना उद्या कोणीतरी येऊन ‘निघा’ म्हणेल, या धाकात तांड्यांची एक पिढी म्हातारी झाली होती. त्या जमिनीचे पट्टे कसणाऱ्यांच्या नावे करून घ्यायचे, या एका गोष्टीसाठी खेमसिंग पक्षात आला होता आणि येताना नानाजीला हाताला धरून घेऊन आला होता.

सत्तावन साली पक्षानं खेमसिंगला विधानसभेला उभं केलं. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे आणि पेटीवर त्याचं चिन्ह चिकटवलेलं असे. पक्षाचं चिन्ह वखर. वखराच्या पेटीत दाणाही पडायचा नाही, असं राळेगावच्या बाजारात लोक उघड बोलत. मोजणी झाली तेव्हा खेमसिंग हरला खरा, पण अवघ्या साडेचारशे मतांनी. हरूनसुद्धा बोरतांड्यावर नंगारा वाजला.

मग पुढची पाच वर्षं दोघांनी एका सायकलवर काढली. चढ आला की एक उतरायचा, उतार आला की दोघं बसायचे. अकरा तांडे, चाळीस-पंचेचाळीस गावं, कोलाम आदिवासींचे पोड, म्हणजे पाडे. कोणाच्या बैलाला पायलाग झाला तरी हे हजर, कोणाच्या पोरीचं लग्न अडलं तरी हे हजर. दमून बोरतांड्यावर पोचले की खेमसिंगची आई लालीबाई दोघांपुढं ज्वारीची जाड बाटी आणि तिखटजाळ भाजी ठेवायची. लालीबाईच्या दोन्ही हातांत कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या, केसांना चांदीच्या घुगऱ्या. ती वाढायला वाकली की घुगऱ्या किणकिणत. नानाजीही तिला खेमसिंगसारखंच ‘याडी’, म्हणजे आई, म्हणायचा. ती म्हणायची, "एक पोरगा पोटातून आला, एक सायकलीवरून आला."

बासष्टची निवडणूक जवळ आली तेव्हा चहाच्या टपरीवरचा माणूसही सांगू शकत होता की यंदा वखर निघतो.

पक्षाचे जिल्हाध्यक्ष होते रामराव वकील. वकील म्हणायचं एवढंच, सनद त्यांनी केव्हाच सोडली होती. बेचाळीस साली तुरुंगात गेले, सुटून आल्यावर बापाच्या इस्टेटीतला वाटा नाकारला, यवतमाळात एका खोलीत राहिले. एक वेळ जेवायचे. मांजरपाटाचा सदरा स्वतः धुवायचे. त्यांच्या तोंडून खोटा शब्द गेल्याचं कोणी ऐकलं नव्हतं. अशा माणसासमोर बसलं की आपल्या अंगावरचे डाग आपल्यालाच दिसायला लागतात. नानाजी त्यांना देवासारखा मानायचा. पक्षात देव मानायची बंदी होती, म्हणून तसं म्हणायचा मात्र नाही.

पक्षाची घटना रामरावांनी लिहिली होती. तिच्यात दोन कलमं अशी होती, की सभासदानं कोणतंही धार्मिक कर्मकांड करू नये आणि जमीनदाराची कसलीही मदत घेऊ नये. पुस्तकात ती कलमं वाचताना नानाजीचा ऊर भरून यायचा.

पौषात खेमसिंगनं दोन्ही मोडली.

पारडीचा जुना इजारदार सत्ताधारी पक्षावर रुसला होता. त्याच्या शब्दाबाहेर नसलेली तीन गावं होती. त्यानं निरोप धाडला, "या, बसू." खेमसिंग गेला, त्याच्या ओट्यावर बसला, चहा प्यायला आणि प्रचारासाठी त्याच्या सहा बैलगाड्या घेऊन आला. त्याच आठवड्यात बोरतांड्यावर प्रचाराचा नारळ फुटला. लालीबाईनं बंजाऱ्यांच्या देवाला, सेवाभायाला भोग लावला, म्हणजे शेणीच्या निखाऱ्यावर तूप-गूळ सोडून नवस बोलली. तांड्यातली लहानथोर सारी हात जोडून उभी राहिली. खेमसिंगही राहिला.

कोणीतरी यवतमाळला कळवलं. रामरावांचं पत्र आलं, खुलासा करा. खेमसिंग गाड्या जोडायच्या गडबडीत होता. त्यानं उभ्या उभ्या चार ओळी लिहून नानाजीच्या हाती दिल्या.

"तू चाल ना यवतमाळले," नानाजी म्हणाला.

"मी कायले? सात तांडे व्हायचे हायेत अजून. बैठकीत तू हायेसच ना."

जिल्हा समितीत सातजण. दुपारी दोनला रामरावांच्या खोलीत सतरंजीवर बैठक बसली. नामांकन भरायला आठ दिवस उरले होते. रामरावांनी खेमसिंगची चिठ्ठी मोठ्यानं वाचली.

"इजारदाराकडे मी गेलतो. गाड्या आणल्या. त्यानं काही मागतलं नाही, मी काही कबूल केलं नाही. भोग माझ्या आईनं लावला. पण हात मी माझ्या मर्जीनं जोडले. आईच्या माथी मी काही टाकत नाही."

मग विमलताई म्हणाल्या, "यात लपवलं काय त्यानं? सरळ माणूस आहे." विमलताई यवतमाळच्या विणकर बायांमध्ये काम करायच्या. समितीत बाई म्हणून त्या एकट्याच.

"सरळपणाचा प्रश्न नाही, ताई," रामराव शांतपणे म्हणाले. आवाज चढवायची त्यांना सवयच नव्हती. "आज इजारदाराच्या गाड्या, उद्या इजारदाराचा शब्द. आज निखाऱ्यावर तूप, उद्या मतांसाठी मंदिर. मग आपल्यात आणि त्यांच्यात फरक कोणता?" मग ते नानाजीकडे वळले. "नानाजी, तुम्ही कास्तकार आहात. पेरायची सरकी निवडून घेता की नाही? भेसळ सरकी पेरली तर एखाद्या वर्षी बोंडं येतील टपोरी. पण दोन-तीन वर्षांत धाग्याचं काय होतं?"

नानाजीला ते माहीत होतं. भेसळ सरकीनं बापाच्या काळात आख्ख्या शिवाराचा कापूस उतरला होता.

"सरकी निवडून घ्यावी हे खरं," विमलताई म्हणाल्या. "पण पेरायला आधी वावर लागतं, रामरावजी. ते वावर खेमसिंगनं तयार केलं आहे. तुम्ही नाही, मी नाही."

दोन घटका वाद चालला. शेवटी मत टाकायचं ठरलं. खेमसिंगची उमेदवारी काढून घ्यावी म्हणणाऱ्यांनी हात वर करायचा. रामरावांचा हात वर गेला. आर्णीच्या मास्तरांचा गेला. दिग्रसच्या तरुण कार्यकर्त्याचा गेला. विमलताईंनी हात मांडीवर घट्ट धरला होता, आणखी दोघे सतरंजीकडे बघत बसले होते. तीन वर, तीन खाली. साऱ्यांच्या नजरा नानाजीवर.

त्या क्षणी आपल्या मनात काय होतं, हे नानाजीनं पुढं कितीदा तरी आठवून पाहिलं. खेमसिंग आठवला नव्हता का? आठवला होता. लालीबाईच्या घुगऱ्या आठवल्या होत्या. पण रामराव त्याच्याकडं बघत होते. त्या नजरेत राग नव्हता, धाक नव्हता, एक विश्वास होता. ‘तुम्ही तरी स्वच्छ आहात’ असा. हात खाली ठेवला तर ती नजर पुन्हा आपल्यावर तशी पडणार नाही, एवढंच त्याला कळलं. त्याचा हात वर गेला.

विमलताई उठल्या. चपला घालताना म्हणाल्या, "नानाजी, तुमच्याकडून नव्हतं वाटलं." आणि निघून गेल्या.

"मग उभं कोणाला करायचं?" आर्णीच्या मास्तरांनी विचारलं.

"नानाजींना," रामराव म्हणाले. "तालुका त्यांचा ओळखीचा आणि माणूस निष्कलंक."

नानाजी दचकला. नाही म्हणाला. दोनदा म्हणाला. तिसऱ्यांदा मात्र म्हणाला नाही.

बोरतांड्यावर तो दुसऱ्या दिवशी गेला. सायकल हातात धरून चढ चढला. खेमसिंग गाडीच्या आखाला वंगण लावत होता. तांड्यातल्या बाया रंगीत कापडाच्या वखराच्या झेंड्या शिवत बसल्या होत्या.

"काय झालं, नाना? समज देली का रामरावजीनं?"

नानाजीनं सांगितलं. आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं, हातासकट. खेमसिंग वंगणाचा हात चिंधीला पुसत राहिला. हात स्वच्छ झाला तरी पुसत राहिला.

"भोगासाठी?" त्यानं विचारलं.

"भोग, अन् इजारदार."

"त्या तीन गावांत नवशे मतं हायेत, नाना. ते इजारदाराचे नाईत. माणसायचे हायेत."

"तत्त्वाची गोष्ट हाये, खेमसिंग."

"हो." खेमसिंगनं मान हलवली. "तत्त्वाची हाये." चिंधी गाडीवर टाकली. "मंग उभं कोन?"

"मले केलं."

लालीबाई बाटी थापत होती. तिचा हात थांबला. खेमसिंग उठला. आत गेला आणि एक वही घेऊन आला. अकरा तांडे आणि चाळीस गावं, घरवार मतदारांची नावं, कोण आपला, कोण डळमळीत, कोणाची कोणती अडचण, सारं त्याच्या अक्षरात. पाच वर्षांचं काम. ती वही त्यानं नानाजीच्या हातात दिली.

"तू लढ. मी फिरतो तुह्यासाठी. पट्टे भेटले पायजे बस, कोनाच्या हातून का भेटेना."

त्या दिवशी लालीबाईनं नानाजीला जेवायला वाढलं, पण वाढताना एक शब्द बोलली नाही.

खेमसिंग खरंच फिरला. नामांकनापासून मतदानापर्यंत एक दिवस घरी बसला नाही. अपक्ष उभा राहा, दोन पैसे आम्ही घालतो, असं सांगायला लोक आले. त्यांना त्यानं हात जोडून परत पाठवलं. तांड्यातांड्यावर जाऊन तो सांगे, "नानाजी म्हंजे मीच समजा." पण लोकांना ते समजता येईना. नसाब, म्हणजे तांड्याची पंचायत, बसली. नेमसिंग कारभारी म्हणाला, "आपला मानूस त्यायले चालत नाई, मंग आपलं मत कसं चालते?" खेमसिंग समजावत राहिला. तेव्हा लालीबाई पंचायतीत उभी राहिली. बाई माणूस तिथं सहसा बोलत नाही. ती म्हणाली,

"माह्या देवाचं तूप त्यायले विटाळाचं वाटलं. मंग माह्या हातचा शिक्का कसा चोखा वाटन? मी नाई जात."

दुसऱ्या दिवशी खेमसिंग पुढच्या तांड्यावर गेला.

पारडीच्या इजारदाराकडं पक्षानं गाड्या परत पाठवल्या, सोबत रामरावांचं पत्र, की कष्टकरी दल आपली मदत घेऊ शकत नाही. इजारदारानं पत्र चावडीत वाचून दाखवलं, लोक हसले, आणि चार दिवसांत त्यानं सत्ताधारी पक्षाशी जुळवून घेतलं.

नानाजी गावोगाव बोलत होता. बोलायला तो वाईट नव्हता. जमिनीबद्दल बोलायचा, समतेबद्दल बोलायचा, टाळ्याही पडायच्या. पण सभा सुटल्यावर कोणी ना कोणी म्हातारा जवळ येऊन विचारायचाच, "खेमसिंग भाऊ काहून नाई उभे? आजारी गिजारी हायेत का?"

यंदा वेगळ्या पेट्या नव्हत्या. एकाच कागदावर सगळी चिन्हं आणि शिक्का मारायचा. मतदानाच्या दिवशी नानाजी बोरतांड्याच्या केंद्रावर दुपारी पोचला. शाळेच्या एका खोलीत केंद्र. बाहेर लिंबाखाली शिपाई पेंगत होता. खोलीतला अधिकारी म्हणाला, "सकाळपासून नऊ माणसं आली बघा. इथं मतदार राहतात की नाही?" तांडा हाकेच्या अंतरावर होता. धूर निघत होता, माणसं दारात बसलेली दिसत होती. कोणी उठत नव्हतं. खेमसिंग एकटा या दारातून त्या दारात जात होता. एका दारात बराच वेळ उभा राहिला, मग पुढच्या दारात गेला. नानाजीला तिकडं जायचा धीर झाला नाही.

मोजणीत वखर सातशे सहा मतांनी हरला. केंद्रवार आकडे पुकारले जात होते. अकरा तांड्यांच्या केंद्रांवर जवळपास दोन हजार नावं होती, त्यांतून वखराला पडली एकशे चाळीस. बोरतांड्यातून अकरा. विजयी उमेदवाराला गुलाल लागला, हार पडले. नानाजी कुंपणाच्या तारेला धरून उभा होता. रामराव त्याच्याजवळ आले. त्यांचा चेहरा थकलेला, पण समाधानी होता.

"वाईट वाटून घेऊ नका, नानाजी. आपण निवडणूक हरलो, पक्ष वाचवला. आपल्याला पडलेलं प्रत्येक मत शुद्ध आहे."

नानाजीनं आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याकडं बघायचं टाळलं.

पुढच्या वर्षी, कापसाला पात्या धरायच्या दिवसांत, जंगलाची हद्द आखायला माणसं आली. खुंट्या ठोकल्या, चुन्याच्या रेघा मारल्या आणि हद्दीवर चर खणायला घेतला. चर बोरतांड्याच्या उभ्या तुरीतून गेला. खेमसिंगनं कागद दाखवले. पक्षानं दिलेली निवेदनं, त्यांच्या पोचपावत्या. साहेब बरा माणूस होता. म्हणाला, "हे सगळं विधानसभेत कोणी मांडलं असतं, तर मी थांबलो असतो. मला वरून तसं काही नाही."

जिल्हा समितीनं निषेधाचा ठराव केला. रामरावांनी तो स्वतः लिहिला, भाषा फार सुंदर होती. नानाजी म्हणाला, "आमदाराकडं जाऊ. काही झालं तरी आमदार हाये तो." रामराव म्हणाले, "त्या दारात कष्टकरी दल जाणार नाही."

नानाजी एकटा गेला. आमदारानं बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं.

"नानाजी, खरं सांगू का? त्या तांड्यांवरून मले मत नाई, तुमालेई मत नाई. मी कोनासाठी भांडू? जो मानूस शिक्का मारत नाई, त्याचं नाव वर कोनाले दिसत नाई." मग म्हणाला, "खेमसिंग उभा असता तर मी पडलो असतो, हे मले माहीत होतं. मी तर घरच्याले सांगूनई ठेवलतं. तुमी लोकायनं वाचवलं मले."

दिवाळीपर्यंत बोरतांडा निम्मा रिकामा झाला. कोणी वर्धेकडं कापूस वेचायला, कोणी पांढरकवड्याकडं रस्त्याच्या कामावर. खेमसिंगनं शेवटपर्यंत राहून पाहिलं. मग एक दिवस बैलगाडीत घरचं सामान भरलं, आईला आणि बायको रामीबाईला बसवलं आणि गेला. सावंगीवरून गेला नाही, फेऱ्याच्या वाटेनं गेला.

आमदाराच्या घरी गेल्याबद्दल समितीनं नानाजीकडं खुलासा मागितला. तो स्वतः गेला, उभा राहिला आणि म्हणाला, "गेलतो. चरासाठी गेलतो." हात वर झाले. यावेळी सगळ्यांचे झाले. विरोध करायला विमलताईही आता समितीत नव्हत्या. रामरावांच्या डोळ्यांत पाणी होतं, ते नाटक नव्हतं. नानाजी घरी आला आणि शकुबाईला म्हणाला, "काढलं मले." ती भाकरी करत होती. तिनं एकदा वळून त्याच्याकडं पाहिलं. ताटात भाकरी टाकली आणि शेजारी बसून राहिली.

खेमसिंग राजूरला कोळशाच्या खाणीत आहे, हे नानाजीला कळायला दोन वर्षं लागली आणि तिथं जायला आणखी एक. बारदान्यात पाच किलो तुरीची डाळ बांधून तो एसटीनं वणीला उतरला, तिथून पुढं राजूरला गेला. खाणीजवळ मजुरांच्या झोपड्यांची ओळ होती. घरांवर, झाडांवर, वाळत टाकलेल्या कपड्यांवर काळी भुकटी. तेलंगी बोलणं, हिंदी बोलणं कानावर येत होतं. विचारत विचारत तो एका दारात पोचला. रामीबाई भांडी घासत होती. तिनं ओळखलं, पदर सारखा केला आणि आत हाक मारली.

खेमसिंग बाहेर आला. अंग उतरलं होतं, डोळ्यांच्या कडा काळ्या. "राम राम, नानाजी. या, बसा," तो म्हणाला.

आजवर खेमसिंगनं त्याला ‘तुम्ही’ म्हटलं नव्हतं.

नानाजी बाजेवर बसला. "याडी कोठी हाये?"

"गेली. दोन सालं झाले. पोयाच्या सनाच्या आंधीच."

"मले नाई कळवलं?"

"कळवाले कोनाच्या हाती धाडू?" त्याच्या आवाजात चीड नव्हती. विचारल्यावर सांगावं तसं तो सांगत होता. "इथं तिचं मन नाई लागलं. चूल पेटवली का म्हने, धूर कोयशाचा येते, मोहाचा नाई येत. जेवनच सोडलं तिनं."

रामीबाईनं चहा आणून ठेवला. नानाजीनं कप उचलला, खाली ठेवला. तीन वर्षं ज्या वाक्याची जुळवाजुळव केली होती, ते आता आठवेना.

"खेमसिंग, माह्या हातानं झालं हे सारं. मले माफी…"

"माफीचं काय, नानाजी." खेमसिंग दाराकडं बघत म्हणाला. "रामरावजीचा मले राग नाई. त्या मानसाले मी कधी समजलोच नाई, तो मले काहून समजन? त्या दिवशी गाड्या थांबवून मी यवतमाळले आलो असतो ना, आपली गोष्ट सांगतली असती, तर एखांद्याचं मन फिरलं असतं. पन मी आलो नाई. याडी म्हने, जाय. मी म्हनलं, कायले, नाना हाये ना तिथं."

नानाजीनं मान खाली घातली. चहावर साय धरली होती.

मग त्यानं विचारलं, "इथं संघटना गिंघटना काढली का?"

"हाये एक. दुसऱ्यायनं काढली. बोलावलं का जातो, बसतो. आयकतो." खेमसिंग किंचित हसला. "हात वर करा म्हनले का उठून येतो."

खाणीचा भोंगा झाला. खेमसिंग उठला, डोक्याला फडकं बांधलं, डब्याची पिशवी उचलली. "पाळी हाये माही. जेवून जा. ती वाढन." आणि ओळीतल्या इतर माणसांबरोबर चालायला लागला. थोडं पुढं गेल्यावर ती सगळी माणसं पाठमोरी सारखीच दिसायला लागली.

नानाजी जेवला नाही. डाळीचं बारदान उंबऱ्याजवळ ठेवलं. रामीबाई म्हणाली, "भाऊ, पुन्हा याल तर शनवाराले या. शनवाराले सुट्टी राह्यते त्यायले." तो ‘हो’ म्हणाला. दोघांनाही ठाऊक होतं की तो येणार नाही.

सदुसष्टच्या निवडणुकीआधी कष्टकरी दल फुटलं. खरी घटना कोणती, जुनी की दुरुस्त केलेली, यावरून रामराव एकीकडं गेले, आर्णीचे मास्तर दुसरीकडं. दोघांनीही उमेदवार उभे केले, दोघांच्याही अनामत रकमा गेल्या. मतदानाच्या दिवशी शकुबाईनं नवं लुगडं नेसून विचारलं, "येता का?"

नानाजी खळ्यात तूर झोडपत होता. "तू जाऊन ये," म्हणाला.

ती निघाली. कुंपणापर्यंत गेली आणि परत आली. त्याच्या शेजारची दुसरी काठी उचलली आणि लुगड्याचा काचा मारून तीही झोडपायला लागली.